अडुसष्ट सालचा झगा

चेन वर गेली ती गेलीच. खाली यायचं नाव घेईना. शहात्तर वर्षांच्या विमलताई स्वयंपाकघरात चंदेरी झग्यात अडकून उभ्या होत्या. झगा कसला, पालथं नरसाळंच! घेरात तारेची कडी, खांद्यांवर दोन ताठ पंख आणि कानापर्यंत कॉलर. बसता येईना, हात पाठीशी पोचेना. आणि दोन वाजता हाच झगा यवतमाळला, नात वैष्णवीच्या कॉलेजातल्या जुन्या कपड्यांच्या प्रदर्शनात पोचवायचा होता.

झगा शिवला होता त्यांच्या नवऱ्यानं, घनश्याम टेलरांनी. अडुसष्ट साली रद्दीत विलायती मासिकाचं, असल्याच झग्याच्या चित्राचं एक पान हाती लागलं. माणूस चंद्रावर निघालाय, तर बाभुळगावची बाई मागं का राहावी, म्हणून पठ्ठ्या पंधरा दिवस बकरमच्या ताठ कापडाशी आणि तारेशी झटला. नव्या नवरीनं तो अंगालाही लावला नाही. "मी काय ज्वारीची कोठी हाओ?" म्हणून ती हसली, सासू हसली, अख्खी आळी हसली. त्यानंतर टेलरांनी मनातलं असं काही शिवलंच नाही. जन्मभर परकर आणि शाळेचे गणवेश. ते हसू विमलताईंना म्हातारपणी बोचायला लागलं होतं. म्हणून नवरा दाढीला गेलेला पाहून, झगा जायच्या आधी एकदा घालून बघायला गेल्या, तर हे झेंगट.

घनश्यामराव आले, दारातच थबकले. चेन ओढून पाहिली, खोबरेल चोळलं आणि गंभीर चेहऱ्यानं मोठी कात्री काढली.

"कापावं लागते."

"हात नका लावू त्याले," विमलताई म्हणाल्या. "माह्यासकट न्या."

शेजारच्या अतुलच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत, दोर धरून, विमलताई उभ्यानं निघाल्या. बसस्टँडवर कुणी देवीची मिरवणूक समजून हात जोडले. कॉलेजात त्या पुतळ्यांच्या रांगेत तीन तास उभ्या राहिल्या. पोरी फोटो काढत होत्या, कुणी शिवला म्हणून विचारत होत्या. "आमच्या यायनं," विमलताई दरवेळी मोठ्यानं सांगत. घनश्यामरावांना त्या दिवशी चष्मा फार वेळा पुसावा लागला.

संध्याकाळी घरी आल्यावर वैष्णवीनं कात्री उचलली. आजोबांनी ती बाजूला ठेवली आणि झग्याच्या डाव्या बगलेखाली बोटं फिरवली. टिचबटणांची रांग पटापट उघडली आणि झगा सुटला.

विमलताई बघतच राहिल्या. "हे होतं, तं सकाळी काहून नाही सांगतलं?"

"कात्री तं नुसती दाखवाले होती. सांगतलं असतं तं तू लगेच उतरवला असता," झगा हँगरला लावत ते म्हणाले. "आन् मले तो तुह्या आंगावर पाहाचा होता."