भार कोणावर?

२००२ सालच्या मार्चमध्ये माझी पत्नी वारली. चौघे तिरडीला खांदा द्यायला वाकले, तोच शेजारचे दंतवैद्य हमीदभाई म्हणाले, "थांबा. दोन्ही उंच माणसं एका बाजूला नकोत. भार तिरका जाईल." त्यांनी माणसं बदलली आणि पुढचा एक खांदा स्वतः दिला.

आमच्या आळीत याचं कोणाला नवल वाटलं नाही. "भार कोणावर?" हा हमीदभाईंचा रोजचा प्रश्न. लग्नाच्या पंगतीत ते भाताचं पातेलं सरकवून टेबलाच्या मधोमध आणत. बाजारातून बांगडे आणले तरी दोन पिशव्यांत, दोन्ही हातांत सारखे वाटून.

दवाखान्यात तर विचारूच नका. पडलेल्या दाताच्या जागी पूल बसवायचा म्हणजे शेजारचे दोन्ही दात तासून त्यांवर टोप्या चढवायच्या आणि मधे खोटा दात धरायचा. पावस गावच्या एक बागायतदारीण म्हणाल्या, "एकाच दाताला टांगा की! दुसरा कशाला तासता?"

"वैनी, नांगराला एकच बैल जुंपता काय?"

"आमची आंब्याची बाग. नांगर कसला नि बैल कसला!"

"मग भरलेली पेटी एका हाताने उचलून दाखवा."

वैनींनी मुकाट्याने तोंड उघडलं.

पूल बसला की ते निळा कागद चावायला देत. खोट्या दातावर ठसा गडद उमटला की तेवढा भाग घासून काढत. "हा मधला पाहुणा. त्याने जोर करायचा नाही."

पुढे काही महिन्यांनी मीच त्यांच्या खुर्चीत बसलो. एक दाढ पडली होती, तिच्या मागची हलत होती. "तीही काढा," मी म्हटलं. "आता चावायचंय कोणासाठी?" तेव्हा मी दुपारी चहा-बिस्किटं खायचो, रात्री तेही नाही.

हमीदभाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "मास्तर, दाढ वाचेल. आधी हिरडी बरी करू. तोवर तिच्यावर भार नको. मऊ भात खायचा, तोही डावीकडूनच. मी तपासायला येईन."

संध्याकाळी ते डबा घेऊन आलेच. समोर बसून माझ्या जबड्याकडे बघत राहिले.

"तुम्ही जेवलात?" मी विचारलं.

"जेवेन घरी. ओट्याशी, उभ्यानेच."

त्यांची बेगम जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगे कुवेतला.

"घरचं टेबल सहा जणांचं आहे, मास्तर," ते म्हणाले. "बसलं की खुर्च्या दिसतात."

मी दुसरं ताट मांडलं.

दाढ वाचली. पूल बसला, त्यालाही आता काही वर्षं झाली. तो हललेला नाही. हमीदभाई तपासायला अजून रोज येतात. रमजानात तेवढी वेळ बदलते.

टेबलावर दोन ताटं असतात.