फळ्यावरचा खालचा अर्धा भाग

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत इंग्रजी आणलं ते मी. उगाच नम्रपणा करण्यात अर्थ नाही. गोदीच्या ऑफिसात तेहेतीस वर्षं पत्रं टाइप केली, रिटायर झालो, आणि दुसऱ्याच दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर 'आजचा इंग्रजी शब्द' सुरू केला. शब्द, त्याचे भाऊबंद शब्द, एक वाक्य आणि खाली माझी सही, अ. स. म्हणजे अजित सकपाळ. चार वर्षांत एक दिवस खाडा नाही. चाळीतली चारशे माणसं येता-जाता शिकतात, असं मी सगळ्यांना सांगत असे.

पुरावा म्हणून राधाबाई होत्या. परळच्या एका इस्पितळात जन्मभर फरशी पुसली, आणि सदुसष्टाव्या वर्षी रात्रशाळेतून दहावी पास. इंग्रजीत चव्वेचाळीस मार्क! ते इंग्रजी मी घेतलं होतं, रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत. रविवारी सहा वाजता चाळीच्या आवारातल्या विहारात त्यांचा सत्कार ठरला. एक शाल त्यांना, एक मला. मायानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, माझा शर्ट शुक्रवारीच इस्त्री करून ठेवला होता.

तर रविवारचा शब्दही तोलामोलाचा हवा. मी निवडला रेट्रोग्रेड. मागे जाणारं, उलट दिशेचं. शनिवारी राधाबाईंना आधीच समजावून दिला. "टेम्पो रिव्हर्स जातो, ओहोटीचं पाणी रिसीडिंग, बुरसटलेला विचार रिग्रेसिव्ह, आणि समाजाला मागे नेणारं पाऊल असेल तर रेट्रोग्रेड."

"ग्रहांना पण म्हणतात ना, सर? टीव्हीवर ऐकलं."

"म्हणतात. पण आपल्या चाळीत ग्रहांना विचारतो कोण?"

रविवारी सातला मी फळा भरला. उदाहरण रोजच्या जगण्यातलं असेल तरच लोक वाचतात, हा माझा सिद्धांत. म्हणून इंग्रजीत लिहिलं, "टु कॅन्सल", आणि ओळ संपली म्हणून खालच्या ओळीत, "राधाबाईज फेलिसिटेशन इज अ रेट्रोग्रेड स्टेप." म्हणजे असा सत्कार रद्द करणं हे मागे नेणारं पाऊल. केवढा गौरव! सही ठोकली आणि दाढीला गेलो.

नवाच्या सुमारास आमचा सेक्रेटरी विकास आला. त्याला एक सूचना लिहायची होती. त्यानं वरून हवा तेवढा फळा पुसला आणि लिहिलं, "सत्काराला येताना प्रत्येकाने आपापली खुर्ची आणावी." हे मला संध्याकाळी कळलं.

सहाला विहारात खुर्च्या आल्या, माणसं आली, हार आले. राधाबाई नाहीत. खोलीला कुलूप. विकासनं त्यांच्या मुलीला, मानसीला, माझगावला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई इथे आलीय. सत्कार नको म्हणते. का, ते अजितकाकांना विचारा म्हणते."

सगळं विहार माझ्याकडे बघायला लागलं. माया तर अशी बघत होती की इस्त्रीचा शर्ट अंगात टोचायला लागला. मी काय केलं होतं? बाईंना शिकवलं होतं, दुसरं काय!

बाहेर आलो तर समोर जिन्याखालचा फळा. वर खुर्च्यांची सूचना, तिच्याखाली एकच इंग्रजी ओळ. राधाबाईंचा सत्कार हे मागे नेणारं पाऊल आहे. खाली सही, अ. स.

"विकास, अरे वरची ओळ पुसलीस?"

"जागा नव्हती, काका."

"मग खाली काय उरलं ते वाचायचंस तरी!"

"खाली तुमचं ते रोजचं असतं ना. ते मी नाय वाचत."

"आणि बाकीचे?"

त्यानं खुर्च्यांच्या सूचनेकडे बोट दाखवलं. सकाळपासून चाळीतला प्रत्येक जण त्या फळ्यावरून खुर्चीचं वाचून गेला होता. खालची ओळ वाचणारं एकच माणूस निघालं, आणि तिला वाचायला मीच शिकवलं होतं. ते मला फार लागलं.

टॅक्सी करून मी आणि विकास माझगावला पोहोचलो. राधाबाई नव्या साडीतच बसल्या होत्या. डोळे सुजलेले.

"जय भीम, अजितभाऊ," त्या म्हणाल्या. एरवी मी सर असतो.

"राधाबाई, ते तसं नव्हतं हो."

"अक्षर तुमचं, सही तुमची. शब्दाचा अर्थही तुम्हीच सांगितलात. या वयात थेरं कशाला, असं जाऊबाई म्हणाली तर मी हसले. तुम्ही म्हणालात ते सोसलं नाही."

मी विकासला कोपरानं ढोसलं. "मी पुसला वरचा भाग, मावशी," तो म्हणाला. "आईशप्पथ."

"वर काय होतं?"

"टु कॅन्सल," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत वाक्य जुळवलं, मग मराठीत करून पाहिलं. आम्ही दोघं निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखे उभे. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

"मग तिथे वुड बी पाहिजे, सर. सत्कार अजून रद्द कुठे झाला होता?"

सर म्हणाल्या, एवढ्यावर मी चूक कबूल केली.

साडेसातला सत्कार झाला. भाषणात त्यांनी सगळी हकीकत सांगितली, वुड बीसकट. लोक इतके हसले की माझी शाल द्यायचं राहूनच गेलं. मग कमिटीनं ठरवलं की यापुढे अजित सकपाळांनी शब्दाखाली मोठ्या मराठी अक्षरांत लिहावं, "हे फक्त उदाहरण आहे. खरे मानू नये." मी निमूटपणे लिहायला लागलो.

बुधवारी विकासनं नेहमीप्रमाणे वरून हवा तेवढा फळा पुसला आणि लिहिलं, "उद्या दिवसभर पाणी येणार नाही. भरून ठेवावे." त्याखाली माझं उरलं, "हे फक्त उदाहरण आहे. खरे मानू नये."

गुरुवारी चाळीत थेंब नव्हता. माझा फळा आता सगळी चाळ शेवटपर्यंत वाचते, हे मला तेव्हा कळलं.

पाणी भरलेलं होतं फक्त राधाबाईंकडे. "वरचं अक्षर विकासचं, खालचं सरांचं," त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "अक्षर बघून वाचायचं असतं."

हे मी स्वतः ऐकलं. त्यांच्या दारातल्या रांगेत बादली घेऊन मी अकरावा होतो. आमच्या घरीही फळा वाचूनच पाणी भरलं नव्हतं.