मडमाक्काचं इंग्रजी

रहिमतपुरात आमच्या शेजारी एक म्हैस होती, तिला फक्त इंग्रजी कळायचं. मराठीत घसा सुकेपर्यंत हाका मारा, ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून रवंथ करायची. पण समोरच्या दारातून "कम हिअर, नॉटी!" असा आवाज आला की निमूट गोठ्यात शिरायची. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं वर्ष संपेपर्यंत त्या म्हशीच्याही पायरीला पोचत नाहीत, हे हेडमास्तरांनी मला चारचौघांत ऐकवलं होतं. मला राग म्हशीचा आला.

म्हशीच्या मालकिणीचं नाव तुळसाबाई. गाव तिला मडमाक्का म्हणायचं. उंच, सावळी, कपाळ मोकळं, अंगावर जाडंभरडं लुगडं आणि त्याखाली पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. उन्हाळा असो की चिखल, बूट पायांतच; फाटले की तसलेच दुसरे. कुणाच्याही घरात शिरण्याआधी ती चौकटीवर बोटांनी टकटक करायची. दार सताड उघडं असायचं, घरातली माणसं तिच्याकडेच बघत असायची, तरी टकटक व्हायचीच. आत आली की चार शब्द आमच्यासारखेच बोलायची. "आवं मास्तर, चुलीत इस्तू हाय का?" असं विचारायची. पण समोर एखादं पोर, कोंबडी, करडू किंवा वेंधळा माणूस दिसला की तिची भाषा फिरायची. "डर्टी! शेमफुल! हॅन्ड्स! शो मी हॅन्ड्स!" आमच्या आळीतली पोरं जेवायच्या आधी हात धुवायची ती केवळ त्या भीतीनं. आयांना त्याचं कौतुक होतं. आपण काय ऐकतोय ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

ठाऊक करून घ्यायची गरजही नव्हती. आपल्याकडे मराठी बोलतात, कानडी बोलतात, गुजराथी व्यापाऱ्याशी मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलतात. इंग्रजी मात्र कुणी बोलत नाही. ते फाडतात, झाडतात, पाजळतात, तोंडावर फेकतात. जी भाषा बापजाद्यांनी खुर्चीसमोर हात जोडून ऐकली, तिला दुसरी क्रियापदं कुठून मिळणार? आमच्या गावाला इंग्रजीचा अर्थ नको होता, आवाज हवा होता. मी वर्गात व्याकरण शिकवतो त्याला गाव इंग्रजी समजतच नव्हतं. "मास्तर मुळमुळीत बोलत्यात. आक्का फाडती," असा बापूसाहेबांचा शेरा होता. बापूसाहेब म्हणजे आमचे पुढारी. गावात जे काही फुकटात होण्यासारखं असे, ते त्यांच्या पुढाकारानं होई.

त्यांनीच एक रीत पाडली होती. वरून कुणी अंमलदार आला आणि त्याचं मागणं जाचक असलं की मडमाक्काला चावडीवर बोलवायचं. ती यायची, टकटक करायची आणि सुटायची. एकदा लढाईच्या कामासाठी बैलगाड्या धरायला एक कारकून आला. ऐन मळणीचे दिवस. सगळे हवालदिल झाले. आक्का बूट वाजवत आली, कारकुनापुढे बोट नाचवलं आणि गरजली, "नो टॉकिंग! क्लोज युवर आइज! स्लीप नाऊ, ऑर आय टेल मेमसाब!"

कारकुनाचं इंग्रजी गावाइतकंच असावं. मेमसाब एवढंच त्याला कळलं आणि त्याच्या कपाळाला घाम फुटला. जाताना तो दोन गाड्यांवर भागवून गेला. बापूसाहेब खूष. "आक्का, लय फाडलंसा! पार चिंध्या केल्यासा गड्याच्या!"

तिनं त्या माणसाला झोपवलं होतं. गप पड, डोळे मीट, नाहीतर मडमेला सांगेन, एवढंच ती म्हणाली होती. त्या सबंध चावडीत हे समजणारा मी एकटा होतो आणि मी तोंड मिटून बसलो. गाड्या वाचल्या होत्या, अर्थ सांगून कुणाचं भलं होणार होतं?

हे इंग्रजी तिनं कुठून आणलं ते गावाला ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. मागच्या, म्हणजे चौदा सालच्या लढाईत तिचा नवरा बसऱ्याला गेला तो आलाच नाही. पदरात तान्हा मुलगा. दिरांनी जमिनीत वाटा दिला नाही. मग पोर नणंदेच्या ओटीत घालून ती साताऱ्याला कॅम्पात एका साहेबाच्या घरी आया म्हणून राहिली. थंडीत सातारा, उन्हाळ्यात महाबळेश्वर. साहेबाचा मुलगा तिच्याशिवाय झोपत नसे, म्हणून तिला गावी यायला सुट्टी नसे. तो शिकण्याच्या वयाचा झाला तेव्हा त्याला विलायतेला पाठवला आणि तिला घरी. बोळवण म्हणून मडमेनं आपले जुने बूट दिले. लोक बक्षिसी म्हणून काय देतील सांगता येत नाही.

ती गावी परतली तेव्हा तिचा श्रीपती अंगणात विटीदांडू खेळत होता. नणंदेला तो आई म्हणत होता. ही बूटवाली बाई बघून तो नणंदेच्या पदराआड लपला. आक्कानं त्याला जवळ घ्यायला हात पसरले आणि तोंडातून आलं ते इंग्रजी. पोर भोकाड पसरून पळालं. हे मला नणंदेनंच मरायच्या आधी सांगितलं होतं, आणि हसत हसत सांगितलं होतं. आपल्या माणसांना कशाचं हसू येईल याचाही नेम नाही.

तेव्हापासून सगळ्या गावाबरोबर श्रीपतीही तिला मडमाक्काच म्हणायचा. नणंद गेल्यावर तो आक्काच्या घरी राहायला आला. आता चांगला दांडगा गडी झाला होता, आक्कानं आयाच्या पगारातून घेतलेलं तुकडाभर शेत बघायचा. पण घरात दोघांचं बोलणं म्हणजे, "मडमाक्का, वाढ." "हॅन्ड्स!" तो तळहात पुढे करायचा, ती ते उलटेपालटे करून बघायची, मग भाकरी पडायची. तो बांधावर उशिरापर्यंत राहिला की ती दारात उभी राहून त्याच्यावर असं काही ओरडायची की म्हैससुद्धा उठून उभी राहायची.

एकदा तो माझ्या ओट्यावर येऊन टेकला. म्हणाला, "मास्तर, सगळ्या गावाला आपल्या आयांच्या शिव्या मराठीत बसत्यात. मला तेवढ्या इंग्रजीत."

"शिव्या नाहीत रे त्या, श्रीपती. पायाला गार लागेल म्हणते, दूध पी म्हणते."

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमी भले हायसा म्हणून सांगताय. त्वांड बघितलंय का तिचं, बोलताना?"

तोंड मी बघितलं होतं. त्या तोंडावरून माझाही विश्वास बसला नसता.

पुढे बेचाळीसची चळवळ आली आणि आमच्या भागात ती जरा जास्तच दिवस टिकली. रानात तारायंत्राच्या तारा तुटायला लागल्या, पोरं परागंदा झाली. एके सकाळी श्रीपतीला उसातून धरून नेलं. पोलिसांनी साताऱ्याच्या तुरुंगात ठेवलाय, फार मारलाय, अशी बातमी आली. त्याचं नाव घ्यायची सगळ्यांना धास्ती. पण बापूसाहेबांना एकाएकी स्फुरण चढलं. चावडीवर म्हणाले, "आक्का, आजवर गावासाठी फाडलंसा, आता पोटच्या पोरासाठी फाडा. गोरा सायेब हाय तितं. आसं झाडा की त्येनं हातानं कुलूप काढलं पायजे."

आक्का उठून उभी राहिली. "न सोडून करतो काय? माझ्यासमोर सायेबाचं पोरगं कवा हललं न्हाई." तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. इतकी वर्षं गावानं तिला तेच सांगितलं होतं, आणि गावाचं म्हणणं तिला आवडलं होतं. एकटीनं रात्र काढणाऱ्या बाईला तेवढा आधारही पुरतो.

निघायच्या दिवशी बापूसाहेबांचं पोट बिघडलं. चावडीवरच्या बाकीच्यांची मळ्यात कामं निघाली. आक्काचं इंग्रजी कुठं अडलंच तर हाताशी असावा म्हणून मला सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं. जन्मभर इंग्रजी शिकवणारा मी कधी गोऱ्या माणसाशी एक वाक्य बोललो नव्हतो. मी पहिलं वाक्य मनात घोकत होतो. आक्का बूट पुसत बसली होती.

साताऱ्याच्या तुरुंगावरचा साहेब कोवळा निघाला. मिशी नुकती राखायला घेतलेली, नाक लाल, एकसारखा शिंकत होता. शिपायानं आम्हाला आत सोडलं तेव्हाही आक्का चौकटीवर टकटक करायला विसरली नाही. ती टेबलासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही गरजणार. साहेबानं मान वर केली, पुन्हा शिंकला, आणि आक्काचा चेहराच बदलला.

"यू कॅच कोल्ड," ती म्हणाली. "नॉटी बॉय. व्हेअर युवर मफलर?"

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. साहेब आधी लालबुंद झाला, मग मोठ्यानं हसायला लागला. हसणं थांबल्यावर त्यानं विचारलं, "तुम मेमसाब का आया था?" आक्का म्हणाली, "येस." मी पुढे होऊन जमेल तसं सांगितलं, हिचा मुलगा, एकुलता एक, विधवा बाई. माझं व्याकरण शुद्ध होतं. साहेबानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुटका होणार नाही, खटला चालेल, शिक्षा होईल, एवढं तो रुमालात नाक शिंकरत बोलला. वर मेहरबानी म्हणून हवालदाराला सांगितलं, म्हातारीला मुलाची भेट घेऊ द्या, पाच मिनिटं.

परत गेल्यावर बापूसाहेबांनी निकाल दिला, की आक्काचं इंग्रजी जुनं झालं, नव्या सायबाला लागू पडलं नाही. पुन्हा तिला कुणी चावडीवर बोलावलं नाही. पण ते नंतर. आधी ती पाच मिनिटं.

श्रीपतीला गजांपलीकडे आणून उभा केला. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला. आम्हाला बघून तो मलाच म्हणाला, "हिला कशापायी आणलंसा, मास्तर?"

आक्कानं तोंड उघडलं, पण शब्द येईना. दोनदा ओठ हलले. मला दिसत होतं, ती मराठी शोधत होती. शेजारणीशी बोलायचं मराठी तिच्याकडे भरपूर होतं, लेकराशी बोलायचं नव्हतं. ते शिकायच्या वेळी ती दुसऱ्याच्या बंगल्यात होती. शेवटी तिनं गजांतून हात घातला, त्याच्या सुजलेल्या गालाला बोटं लावली आणि अगदी हळू म्हणाली, "नो क्राय, माय ब्रेव्ह बॉय. आय नॉट गो. आय नॉट गो."

तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमच्या आळीत कुणीच ऐकला नव्हता.

श्रीपती हलला नाही. "काय म्हणती, मास्तर?"

इतकी वर्षं मी मुलांना अर्थ सांगत आलो, पण इतका जड अर्थ कधी सांगितला नव्हता. म्हणालो, "रडू नको म्हणते, माझ्या शूर लेकरा. मी कुठं जात नाही, म्हणते."

हवालदारानं किल्ल्या वाजवल्या. श्रीपतीनं गाल तिच्या बोटांवर तसाच टेकलेला ठेवला आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाला,

"तिला म्हणावं, पुन्यांदा म्हण."

आक्का त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. त्याचं मराठी तिला माझ्याइतकंच कळत होतं. तरी मी तिच्याकडे वळून ते सांगितलं, आणि मी सांगेपर्यंत ती थांबली. मग ती पुन्हा म्हणाली. या वेळी त्यानं मला अर्थ विचारला नाही.