एकशे चाळीस घोडे आणि एक कावळा

सुकलाल मिस्त्रीने हात लावला आणि तरी चालला नाही, असा कापडाचा लूम उधन्यात अजून कोणी पाहिलेला नव्हता. निदान सुकलालचं म्हणणं तसं होतं. तेवीस वर्षं तो लूम दुरुस्त करत होता. दारातून नुसता आवाज ऐकून कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते सांगायचा. त्यामुळे मोटारीचं इंजिन घरीच खोलायचं, नवं करायचं आणि वर त्याची ताकद वाढवायची, असं त्याने जाहीर केलं तेव्हा त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

"लूम काय अन् इंजिन काय," तो म्हणाला. "एक कापड देतं, एक धूर देतं. बाकी सगळे नटबोल्टच."

हे झालं बोलायचं कारण. खरं कारण एक कावळा होता.

सुकलालची बायको लीला शहाण्णव सालच्या फाल्गुनात गेली. दहाव्याला तापीच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या पिंपळावर बसून तो बघत राहिला, एखादा साहेब अर्ज बघतो तसा. सुकलालने हात जोडले. "योगिताचं लगीन यंदाच करतो," तो म्हणाला. कावळा हलला नाही. "गावच्या घरावर पत्रे टाकतो." कावळ्याने मान फिरवली. "तंबाखू सोडतो." यावर कावळ्याने फांदीला चोच पुसली. लीलाही या वचनाला असंच काहीतरी करायची.

तेवढ्यात मागून शेजारचा भिकन पुढे आला. भिकनचं गॅरेज होतं. तो सहज बोलावं तसं बोलला, "लीलावहिनी, ती मोटार दारात उभी आहे ना, ती मी चालू करून देतो. तुम्ही..."

वाक्य पुरं झालंच नाही. कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी हात जोडले. सुकलालनेही जोडले, पण त्याच्या पोटात जे पेटलं ते वर्षभर विझलं नाही. तीस वर्षांचा संसार त्याचा, आणि बायको उतरली ती भिकनच्या शब्दावर!

मोटारीची गोष्ट अशी. आठ वर्षांपूर्वी सुकलालने कारखान्याच्या शेठकडून एक बंद पडलेली अ‍ॅम्बॅसिडर घेतली होती. "हिच्यात बसवून तुला शिरपूरला माहेरी नेतो," असं लीलाला सांगितलं होतं. मोटार विटांवर चढली ती चढलीच. लीलाने आठ उन्हाळे तिच्या टपावर ज्वारीचे बिबडे वाळवले. मधूनमधून ती म्हणायची, "भिकनभाऊंना दाखवा ना एकदा." तेव्हापासूनच सुकलालला भिकनचं नाव खुपायचं.

दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी भिकन पाने-पकडी घेऊन दारात आला.

"आठ दिवसांचं काम आहे भो," तो म्हणाला. "जुनंच इंजिन चालू करतो."

"मनं इंजिन, मी पाही लिसू," सुकलाल अहिराणीवर आला. त्याचं इंजिन तोच बघून घेणार होता.

"तुले जमी का?"

त्याच रविवारी सुकलाल भंगारबाजारातून एक जपानी डिझेल इंजिन घेऊन आला. टर्बोचं. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, तर ताकद जास्त. भंगारवाल्याने सांगितलं होतं, शंभर घोड्यांची ताकद आहे. ते ऐकून भिकन म्हणाला, "चांगलं आहे. शंभर पुष्कळ झाले." एवढं त्याने म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. सुकलाल परत बाजारात गेला आणि ट्रकचा मोठा टर्बो घेऊन आला. आता एकशे चाळीस. वर्षश्राद्धाला स्वतः गाडी हाकत घाटावर जायचं, आणि त्या दिवशी कावळा आपल्या शब्दावर उतरवायचा, भिकनच्या नव्हे. एवढंच त्याला पाहिजे होतं.

इंजिन घरात आलं आणि घर बाहेर गेलं. खाटेवर इंजिनाचा ब्लॉक झोपला, सुकलाल जमिनीवर. पिस्टन ओट्यावर रांगेत बसले. व्हॉल्व्ह लीलाच्या मिसळणाच्या डब्यात ठेवले. वाट्या सात आणि व्हॉल्व्ह आठ, म्हणून आठवा देव्हाऱ्यात गेला. योगिता रोज सकाळी त्यालाही कुंकू लावायची, कारण अंधारात तिला तो बाळकृष्ण वाटायचा.

"नाना, आज वरणाला ग्रीसचा वास येतोय," ती म्हणायची.

"खा. पोटाला चांगलं असतं."

"भिकनकाकांना विचारा ने एकदा. बाजूमां तो रहे छे." शाळा गुजराती, म्हणून तिच्या मराठीत मधेच गुजराती यायचं.

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही."

पण नाव कसं निघणार नाही? दर संध्याकाळी भिकनची बायको प्रमिलाबाई भाकरी घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "काय भाऊजी, बाळंत झालं का तुमचं इंजिन?" अकरा महिने तिने रोज हेच विचारलं, आणि अकरा महिने सुकलालने तिची भाकरी खाऊन तिच्या नवऱ्याचा राग राग केला.

श्राद्धाला दोन दिवस राहिले तेव्हा इंजिन गाडीत बसलं. मोठ्या टर्बोमुळे हवेच्या फिल्टरला जागाच उरली नाही, म्हणून टर्बोचं तोंड उघडंच राहिलं, ताटाएवढं. सुकलालने तेल ओतायला घेतलं. आता, लूमवाल्याचा तेलाबद्दल एक धर्म असतो. तेल कमी पडलं तर लूम रडतो. जास्त झालं तर फक्त फरशी चिकट होते. म्हणून हात आखडायचा नाही. साडेचार लिटरच्या जागी त्याने सात लिटर ओतलं आणि वरून थोडं, लीलाच्या नावाने.

इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. गल्लीतली कुत्री बमरोलीच्या दिशेने गेली. प्रमिलाबाईच्या दोरीवरची पांढरी धोतरं निळसर झाली. भिकन धावत आला आणि धुराकडे बघत उभा राहिला.

"तेल कितलं टाकं भो?"

"मापमा."

"कोनता मापमा?"

"मना मापमा."

"धूर निळा आहे सुकलाल. तेल जळतंय. थोडं काढून टाक."

"तुझ्या पोटात जळतंय," सुकलाल म्हणाला आणि बॉनेट खाली आपटलं.

श्राद्धाच्या सकाळी गाडी घाटाकडे निघाली. सुकलाल स्टेअरिंगवर, शेजारी योगिता मांडीवर पिंडाचं ताट घेऊन, मागे भिकन, प्रमिलाबाई आणि भटजी. भिकनला बोलावलं होतं ते बघायला. गाडी धूर सोडत, पण ऐटीत चालली. टर्बो शिटी मारत होता. रिक्षावाले वळून बघत होते. सुकलाल आरशात भिकनचं तोंड बघत होता, आणि ते उतरलेलं नव्हतं, काळजीत होतं, याचा त्याला आणखी राग आला.

घाटावर पिंड मांडला. पिंपळावर साठ-सत्तर कावळे होते. त्यांतला एक खालच्या फांदीवर उतरलासुद्धा. पाटावर बसायचं सोडून सुकलाल परत गाडीत जाऊन बसला. लीला जिथे असेल तिथे तिला ऐकू जावं म्हणून त्याने एकदा अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबला.

मग पाय उचलला. इंजिन थांबलं नाही. त्याने चावी फिरवली, चावी काढून खिशात ठेवली. इंजिनाचा आवाज वाढतच गेला.

"नाना, बंद करा!"

"बंदच आहे!"

जास्तीचं तेल टर्बोतून इंजिनात शिरलं होतं, आणि डिझेलवरचं इंजिन आता स्वतःचं तेल पिऊन धावत होतं. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस घोडे एकदम सुटले. एका पत्र्याखाली चारशे लूम चालावेत तसा आवाज. पांढऱ्या-निळ्या धुरात तापी दिसेनाशी झाली. भटजी पोथी डोक्यावर धरून पायऱ्या चढले. शेजारच्या श्राद्धातले लोक आपला पिंड उचलून पळाले. आणि पिंपळावरचे सगळे कावळे, एकही न उरता, नदीपार रांदेरला निघून गेले.

सुकलाल बॉनेट उघडून उभा होता. काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. लूम असता तर त्याने पट्टा काढला असता. धुरात भिकन दोन हातांवर होता. हाक मारायची की नाही, यावर सुकलालने इंजिन फुटायला आलं तरी थोडा विचार केला.

"भिकन," शेवटी तो म्हणाला, "काय करू रे भो?"

भिकन वाटच बघत होता. त्याने श्राद्धाचा पाट उचलला आणि टर्बोच्या उघड्या तोंडावर दाबून धरला. हवा तुटली. इंजिन दोनदा कण्हलं, गाडी थरथरली, आणि सगळं शांत झालं.

इतकं शांत, की कावळा नाही हे स्पष्ट ऐकू येत होतं.

तास गेला. भटजी परत आले. "वेळ टळते आहे. दर्भाचा कावळा करून शिववू का?"

"नको," सुकलाल म्हणाला. "तिचाच पाहिजे."

आणखी अर्ध्या तासाने एक कावळा आला आणि गाडीच्या टपावर बसला. सुकलाल हात जोडून म्हणाला, "लीला, गाडी चालू झाली. आपल्या हाताने केली." कावळ्याने तोंड फिरवलं. "एकशे चाळीस घोडे आहेत." कावळ्याने पाठच केली.

सुकलालने मान खाली घातली. तेलाने माखलेला पाट समोर पडला होता. मग तो इतक्या हळू बोलला की फक्त जवळच्यांना ऐकू आलं.

"माझं चुकलं. भिकन बरोबर बोलत होता."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

योगिताने डोळे पुसले. प्रमिलाबाई म्हणाली, "बाई समाधानाने गेली." सुकलाल मात्र जागेवरच होता. त्याने भटजींचं उपरणं धरलं.

"महाराज, मी दोन वाक्यं बोललो. कावळा पहिल्याला हलला की दुसऱ्याला?"

"माझे डोळे मिटलेले होते."

"योगिता, तू?"

"नाना, जेवायला चला ने हवे."

परतताना गाडी दोरीने एका टेम्पोला बांधली. स्टेअरिंगवर भिकन बसला, कारण ओढलेली गाडी सांभाळायची त्याला सवय होती. सुकलाल मागे बसला. वाटेत तो पुढे वाकला.

"भिकन, खरं सांग. मी म्हटलं माझं चुकलं, मग तुझं नाव घेतलं. तुला काय वाटतं, कशावर उतरला?"

"पहिल्यावरच," भिकन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुझं चुकलं हे ऐकायलाच ती तीस वर्षं थांबली होती."

सुकलाल मागे टेकला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. उधना दरवाज्यापर्यंत बरं वाटत राहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की हेसुद्धा भिकननेच सांगितलं होतं.