शेपटीवरचा पोचा

डेंटरनं आयुष्यात कुठलंच काम इतका जीव ओतून केलं नव्हतं, आणि नेमकं तेच त्याच्या अंगाशी आलं.

नौदलाच्या संग्रहालयात एक जुनं लढाऊ विमान होतं. एकेकाळी ते जहाजावरून उडायचं, जहाजावरच उतरायचं आणि पंख दुमडून जहाजाच्या पोटात गपगुमान झोपायचं. पुढे तीस वर्षं उघड्यावर पडून त्याची पार रया गेली. मोटारींचे पोचे काढणारा हा डेंटर सहा महिने त्याच्यामागे हात धुऊन लागला आणि त्यानं त्याचा पत्रा नव्यासारखा करून दाखवला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी संग्रहालयाच्या प्रमुख बाई शेडमध्ये आल्या. चेहरा पडलेला.

"दादा, शेपटीजवळ एक पोचा होता का हो?"

"होता की. चांगला ताटलीएवढा. आता शोधून दाखवा," डेंटर ऐटीत म्हणाला.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. हे विमान चालवलेले कॅप्टन आजोबा, वय अठ्ठ्याऐंशी, चार वाजता घरची अकरा माणसं घेऊन येणार होते. तोफेचा गोळा शेपटीला चाटून गेला तरी विमान जहाजावर कसं उतरवलं, ही गोष्ट घरातली तिसरी पिढी ऐकत होती. त्यांच्या नातीचा आत्ताच फोन आला होता. "आजोबांना बाकी काही नको, तेवढा पोचा सगळ्यांना दाखवायचाय. हल्ली घरातली पोरं त्यांना थापाडे म्हणतात."

म्हाताऱ्याची अब्रू आपण हातोडीनं ठोकून सपाट केली, हे डेंटरच्या जिव्हारी लागलं.

"मग परत पाडा," बाई म्हणाल्या.

"अहो, बत्तीस वर्षं पोचे काढतोय मी. पाडायला कुणी सांगितलंच नाही."

तरी त्यानं एक ठोका घातला. जरासा खळगा पडला, तोच सवयीनं त्याचा हात आतून गेला आणि खळगा सरळ करून बाहेर आला. चार वेळा असंच झालं. शेवटी त्याची नजर दारातल्या बाईंच्या लाल गाडीवर गेली.

"बाई, तुम्ही माझं जुनं गिऱ्हाईक. महिन्याला एक पोचा ठरलेला. तुम्ही नुसती गाडी मागे घ्या."

बाईंना राग आला, पण ती रागवायची वेळ नव्हती. विमानाची शेपटी डिकीच्या बरोबर उंचीवर होती. बाईंनी जीव मुठीत धरून गाडी मागे घेतली आणि शेपटीपासून चार बोटांवर अलगद थांबवली. पुन्हा घेतली, पुन्हा चार बोटं. असं पाच-सहा वेळा झालं. जन्मात त्यांनी इतकी सुरेख गाडी लावली नव्हती.

"आजच कुठून शहाणपण सुचलं तुम्हाला?" डेंटरनं कपाळाला हात लावला.

"मला बोलायचं काम नाही. मी घरी जाऊन कपडे बदलून येते. आजोबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

बाईंनी तणतणत गिअर टाकला. पुढचा टाकायचा, तो मागचा पडला.

धाड.

पोचा पडला. ताटलीएवढा, जिथल्या तिथे. डेंटरनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे माझ्याच्यानं कधीच झालं नसतं."

चार वाजता आजोबा काठी टेकत आले. पोच्यावर तळवा ठेवून उभे राहिले. डोळे भरून आले. "बघा, इथेच लागला होता," ते घरच्यांना म्हणाले. पोरांतल्या एकानं कान पकडून माफी मागितली. डेंटरलाही भरून आलं.

मंडळी फोटो काढायला पंखांकडे वळली, तसं आजोबांनी डेंटरला खुणेनं जवळ बोलावलं.

"हा गाडीचा आहे ना रे?"

"आजोबा, चूक माझी. मी आपला चांगलं करायला गेलो..."

"लाजतोस काय? पहिलाही तसाच होता. जहाजावर विमानं ओढायचा ट्रॅक्टर मागे घेताना एकानं ठोकलं होतं. तोफ-बिफ मी नंतर घातली." आजोबांनी पोच्याच्या कडेला लागलेला लाल रंग नखानं हळूच खरवडून टाकला. "फक्त, त्यानं आधी हॉर्न वाजवला होता."