चष्मेवाल्याच्या घरातल्या अकरा चिठ्ठ्या

"लिहून घे," दाजी म्हणाले. "नजर घारीची, बुद्धी तलवारीची, आणि नम्रतेबद्दल तर विचारूच नकोस."

मी लिहून घेतलं. सख्ख्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर माणूस काय काय लिहून घेतो. पंचवीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर वाचून दाजी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी गुप्तहेर झाले. मी त्यांचा साहाय्यक. दुपारपर्यंत झेरॉक्सचं दुकान चालवतो, त्यानंतर अब्रू घालवतो.

त्या सोमवारी कोपऱ्यावरचा चष्मेवाला आला, तो पडेल चेहऱ्यानं. त्यानं टेबलावर पाच चिठ्ठ्या ठेवल्या. प्रत्येकीवर बायकोच्या अक्षरात एकेकच इंग्रजी शब्द. टायर्ड. अफ्रेड. सिक. मॅरिड. फेड अप.

"घरभर सापडतायत," तो म्हणाला. "ही साखरेच्या डब्यात होती, ही आरशामागे. साहेब, ती मला सोडून जाणार. एकोणीस वर्षं झाली लग्नाला."

"तिला विचारलंत का?" मी म्हणालो.

"विचारलं आणि हो म्हणाली तर?"

दाजींनी भिंग काढलं. "अक्षर उजवीकडे झुकलंय. म्हणजे बाई घाईत होत्या, किंवा टेबल तिरकं होतं. आणि मॅरिड नि अफ्रेड एका घरात सापडले, की तिसरा माणूस असतोच."

चष्मेवाल्यानं पाणी मागितलं.

"चिठ्ठ्या उलटून बघू या का?" मी विचारलं.

"पुराव्याशी खेळायचं नसतं," असं म्हणत दाजींनी पाचही चिठ्ठ्या डिंकानं पुठ्ठ्यावर पक्क्या चिकटवून टाकल्या.

मग आम्ही पाळत ठेवली. बाई रोज चार वाजता दोन गल्ल्या सोडून एका घरी जात. दार उघडायला सत्तरीच्या, काठी टेकत चालणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका येत. "वेषांतर," दाजी कुजबुजले. "काठी बघ. नवीन आहे." बुधवारी दाजींना साखरेचा डबा आठवला आणि प्रकरण विषप्रयोगावर गेलं. चष्मेवाल्यानं बिचाऱ्यानं बिनसाखरेचा चहा सुरू केला. दरम्यान तो रोज नव्या चिठ्ठ्या आणून देत होता आणि दाजी त्या चिकटवत होते. गुरुवारपर्यंत अकरा झाल्या.

त्या संध्याकाळी दाजींनी चष्मेवाल्याच्या घरी सगळ्यांना एकत्र बसवलं. त्याची आई लसूण सोलत होती, बायको दाराशी उभी होती. चष्मेवाला तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"गुन्हेगार याच खोलीत आहे," दाजींनी सुरुवात केली.

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "सुनेच्या चिठ्ठ्या कुणी उचलल्या ते तरी कळेल. चार दिवस शोधून रडकुंडीला आलीय पोर."

"तुम्हाला हे कसं समजलं?" दाजींनी विचारलं.

"तिला विचारलं."

म्हातारीनं आपल्या गोळ्यांच्या डबीतून आणखी एक चिठ्ठी काढून दाजींच्या हातात दिली. पुढे लिहिलं होतं 'गुड'. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी उलटली. मागे लिहिलं होतं 'ॲट'.

"समोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनची जागा आहे," सून म्हणाली. "उद्या अकराला इंटरव्ह्यू. कुठल्या शब्दापुढे ऑफ, कुठे टू, कुठे ॲट, ह्याला नियमच नाही म्हणतात दोन गल्ल्या पलीकडच्या माझ्या इंग्रजीच्या बाई. घोकायचं. म्हणून जिथे जिथे हात जातो तिथे एकेक ठेवली होती."

"मग मला का नाही सांगितलंस?" चष्मेवाल्याचा आवाज चिरकला.

"मागे पाहुण्यांसमोर मी फोनवर इंग्रजीत बोलले, तेव्हा तुम्ही हसलात. मग पाहुणेही हसले."

मला त्या माणसाची दया आली आणि रागही आला. दाजी पुठ्ठा हळूच सोफ्याखाली सरकवत होते. चष्मेवाल्यानं तो ओढून घेतला आणि बायकोसमोर खुर्ची मांडली. मागची उत्तरं डिंकात गेली होती. आता सगळी भिस्त तिच्या डोक्यावर.

"अफ्रेड?"

"ऑफ."

"मॅरिड?"

"विथ," दाजी म्हणाले.

"टू," ती म्हणाली.

सात-आठ शब्द असे गेले. एकदाही ती अडली नाही. मग तो अशेम्डपाशी आला आणि थांबला.

"विचारा की," ती म्हणाली.

"ही नको. ही माझी आहे."

चिठ्ठी काही केल्या निघेना. तेव्हा त्यानं पुठ्ठ्याचा तेवढा तुकडाच कात्रीनं कापला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुढचा शब्द विचारला.