रुमालाची शिस्त

लोकशाहीत प्रत्येक हात मोलाचा असतो. म्हणूनच तो केव्हा वर जावा, हे ज्या खांद्याला तो जोडलेला आहे त्याच्यावर सोडून देणे जबाबदार कुटुंबांना परवडत नाही.

भांडुपचे हडकर कुटुंब जबाबदार होते. काशीराम हडकर, म्हणजे आबा, गिरणीतून निघून नगरसेवक झाले आणि शेवटपर्यंत राहिले. ते गेल्यावर वॉर्ड पोरका होऊ नये म्हणून मुलगा चंद्रप्रकाश पुढे आला, पण कायदा आडवा आला. पालिकेशी ज्याचा धंद्याचा संबंध आहे त्याला पालिकेत बसता येत नाही, आणि टेकडीवरच्या वस्तीला पालिकेतर्फे पाणी पोचवणारे टँकर चंद्रप्रकाशचे होते. जो पाणी पुरवतो त्याने पाण्याचे निर्णय घेऊ नयेत, असे या कायद्याचे म्हणणे. कायदा कडक आहे. कडक कायदा पाळायचा तर बायको लागते.

अशा रीतीने १९८५ साली वहिनी निवडून आल्या.

वहिनी त्याआधी मुलुंडच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत. प्रचारपत्रकावर आबांचा फोटो मोठा, चंद्रप्रकाशचा मध्यम आणि वहिनींचा निशाणीच्या खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढा होता (मतदारांचा गोंधळ उडू नये म्हणून). पात्रता दिली होती ती अशी: आबांची सून, चंद्रप्रकाशची पत्नी, दोन मुलांची आई, सुगरण. पदवी गाळली होती, कारण बी.एस्सी. झालेली बाई ऐकून घेत नाही असा समज आहे. (तो खोटा आहे. बी.एस्सी. झालेली बाई फार नीट ऐकते.)

सभागृहातली कार्यपद्धती चंद्रप्रकाशने पहिल्याच आठवड्यात ठरवून दिली. तो प्रेक्षकांच्या सज्जात पुढच्या रांगेत बसे. रुमाल खिशात असेल तर वहिनींचे हात मांडीवर. रुमाल कपाळाला लागला की हात वर. चष्मा काढला की सभात्याग, पर्स घेऊन. (पहिल्या सभात्यागात पर्स आत राहिली. ती आणायला परत जावे लागल्याने निषेधाची धार कमी झाली.)

ही पद्धत कधी चुकली नाही. प्रयोगशाळेत वहिनींना असे निकाल मिळाले नव्हते. तिथे पदार्थ आपापल्या गुणधर्मांप्रमाणे वागत. पुढे पुढे पक्षाचे इतर सदस्यही वहिनींच्या हाताकडे पाहून हात वर करू लागले. चंद्रप्रकाशची वरपर्यंत ऊठबस होती, तेव्हा पक्षाची भूमिका वाचत बसण्यापेक्षा हे सोपे होते.

सकाळी घराच्या ओटीवर लोक जमत आणि निवडून आलेल्या नगरसेविकेला विचारत, "साहेब आहेत का?" वहिनी सांगत, "आंघोळीला गेलेत." लोक थांबत. वहिनी चहा देत. जनसंपर्क तो हाच.

एकटी वनमाला मागच्या दाराने येई. ती टेकडीवर राहायची. टँकर येई तेव्हा येई, आणि येईल तेव्हा रांगेत कोणीतरी हवे, म्हणून तिची नववीतली मुलगी महिन्यातले निम्मे दिवस हंडे धरून उभी असे.

"काय ओ वैनीनू," वनमालाने एकदा विचारले, "नळ येतलो की नाय? माझा चेडू शाळा बुडवून रांगेत उभा रवता."

"सभागृहात ठराव यायचाय. बघू."

"तुमी बघतल्यात, की सायेब बघतले?"

वहिनींनी तिला चहा दिला. त्या रात्रीच्या भातात मीठ नव्हते, एवढेच घरच्यांच्या लक्षात राहिले.

ठराव विरोधी पक्षाच्या लिओनार्ड परेरांचा होता. साकीनाक्याचे हे गृहस्थ दरवर्षी टेकड्यांवरच्या वस्त्यांना पाइप आणि पंप द्यावा असा ठराव मांडत आणि दरवर्षी तो पडे. ठरावाची कोणाला काही अडचण नव्हती. पडण्याची त्याला सवय झाली होती.

१९८६ च्या मे महिन्यात तो पुन्हा आला.

"आज परेराचा ठराव आहे," चंद्रप्रकाशने बजावले. "रुमाल निघणार नाही. कळलं ना?"

"कळलं. रुमाल नाही, तर हात नाही."

"शाब्बास! आज जेवायला काय?"

योगायोगाने बांगड्याचे तिखले होते. योगायोगाने त्यात मिरची लवंगी पडली होती आणि तिरफळे सढळ. चंद्रप्रकाशने तीनदा वाढून घेतले. त्याचे सुती सदरे योगायोगाने सगळेच लाँड्रीत होते, म्हणून वहिनींनी टेरिकॉटची नवी सफारी इस्त्री करून ठेवली होती. टेरिकॉटच्या आत घाम सुकत नाही, हे कोणीही शास्त्राचा शिक्षक सांगेल. चंद्रप्रकाशने विचारले नाही.

सभागृहात परेरांचे भाषण झाले. मतदान पुकारणार, तोच वहिनी उभ्या राहिल्या आणि पंपाची क्षमता किती, असे विचारले. (हातासाठी रुमालाचा नियम होता, तोंडासाठी केलेला नव्हता. त्याची गरज पडेल असे कोणाला वाटले नव्हते.) परेरांना आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता. मग त्यांनी पंप, चढ, पाइपाचा व्यास आणि गळती या विषयांवर, दुपारच्या उन्हाला सज्जाच्या पश्चिमेच्या खिडकीत येता यावे इतके सविस्तर उत्तर दिले.

सज्जात चंद्रप्रकाशचा चेहरा लाल झाला होता. त्याने धीर सोडला नाही. आबांचे रक्त होते. मतदान पुकारले गेले. कपाळावरचा एक थेंब भुवईपर्यंत आला, थांबला आणि डोळ्यात उतरला.

रुमाल निघाला.

वहिनींचा हात वर गेला. मागच्या बाकांवरचे हात त्यामागोमाग गेले. पक्षाचे प्रतोद डुलकीतून दचकले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले (एकच मोजण्यात आला). परेरा इतके चकित झाले की स्वतःच्या ठरावाला मत द्यायचे विसरले. ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला.

घरी येताच चंद्रप्रकाश कडाडला. "अगं, हात का वर केलास?"

"रुमाल निघाला ना."

"घाम पुसत होतो मी, घाम!"

"घामाचा रुमाल वेगळा असतो, हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

"वाट लावलीस माझी! आता वर काय सांगू?"

"जे झालं ते सांगा," वहिनी म्हणाल्या, "की मी तुमच्या खुणेवर हात वर करते."

चंद्रप्रकाश खाली बसला. पाणी मागितले. तांब्याभर प्यायला. तक्रार करायची तर आधी आपण सज्जात काय करत होतो ते सांगावे लागणार, हे त्याच्या ध्यानात आले. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याची खात्री पटली की टेकडीवर पाणी त्यानेच आणले आहे.

पुढच्या वर्षी पाणी आले. चौकात 'पाणीवाले प्रकाशदादा' असा फलक लागला, हार झाले, भाषणे झाली. टँकर दुसऱ्या एका टेकडीकडे वळवण्यात आले. परेरांना निमंत्रण नव्हते. ते आपले आपण आले आणि नळाला ओंजळ लावून पाणी पिऊन गेले. वनमालाची मुलगी समारंभाला नव्हती. ती शाळेत होती.

नळाशेजारी संगमरवरी दगड बसवला होता. त्यावर कोरले होते: 'कै. काशीराम हडकर यांच्या स्नुषा व श्री. चंद्रप्रकाश काशीराम हडकर यांच्या सौभाग्यवती यांच्या प्रयत्नांतून'. तिथे दगड संपला.

मंडळी पांगल्यावर वनमालाने हंडा भरायला लावला आणि बोट फिरवत दगड वाचला.

"वैनीनू, ह्याच्यात तुमी खंय असात? तुमचा नाव काय ओ?"

वहिनींना क्षणभर आठवावे लागले. मग त्यांनी सांगितले. वनमालाने ते दोनदा म्हणून पाहिले आणि म्हणाली, "बरा असा की!"

दगडावरचा हा अन्याय सुज्ञ वाचकांना खटकेल, यात शंका नाही. वहिनींनी सांगितलेले नाव इथेही दिलेले नाही. इथवर वाचताना आपल्याला त्याची गरज पडली नव्हती.